उलट्या पिळाची गाठ

साहेबांनी दोराचा तुकडा टेबलावर टाकला. "बांधून दाखव. मग ठरवू, ठेवायचं की नाही."

भाची खुर्चीत बसली होती, पायाला प्लास्टर. शेजारी मुकादम मामा मान खाली घालून उभे. उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचं त्यांचं काम. सख्ख्या बहिणीशी वाद घालून पोरीला या कामावर त्यांनीच आणलं होतं. गच्चीवरच्या गाठीतला शेवटचा वळसा राहिला, दोर सरकला आणि पोरगी मजलाभर खाली आली. नशीब, पायावर निभावलं.

ती अर्धवट गाठ टेबलावरच होती. मामांना तिकडे बघवत नव्हतं.

"साहेब, चूक माझी आहे," ते म्हणाले. "पोरगी डावखुरी. समोर बसवून शिकवायला हवं होतं, आरशात बघितल्यासारखं. मी आपला शेजारी बसवून उजव्या हाताचंच दाखवत राहिलो. हिच्या डोक्यात घोळ झाला, दुसरं काय!"

खरं तर घोळ मामांचाच व्हायचा. पोरीची गाठ पक्की असायची, पण पीळ पडायचा उलटा. तो दिसला की मामांचे हात शिवशिवत. बोलता बोलता कुठलीही गाठ ते सोडून पुन्हा बांधत, घरातल्या पिशवीचीसुद्धा.

भाचीनं दोर उजव्या हातात घेतला.

"अगं, डाव्या हातानं!" मामा कळवळले. "डोळे मिटून बांधतेस की!"

तिनं ऐकलं नाही. उजवा हात चाचपडला, अडखळला. शेवटचा वळसा राहूनच गेला. दोन्ही गाठी शेजारी शेजारी, हुबेहूब.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस. मुकादम, तुम्ही कामाला लागा."

बाहेर जिन्याशी मामांना राहवलं नाही. अपघातापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं, त्यात आता हे.

"तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी? आधी पाय घालवला, आता नोकरी! एवढा कसला गं हट्ट? का नाही बांधलीस डाव्या हातानं?"

तिनं कुबडी काखेत नीट बसवली. आसपास कोणी नाही ना, ते पाहिलं.

"डाव्या हातानं बांधली असती तर पीळ उलटा पडला असता, मामा. मग साहेबांना कळलं असतं, की त्या दिवशी माझी गाठ सोडून तुम्ही बांधायला घेतलीत, आणि मध्येच तुमचा फोन वाजला."