कार्डातली मचमच

"हेडफोनसाठी वेगळं साउंड कार्ड कशाला? आहे तो आवाज पुरेसा आहे," असं कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण दादाला गेममध्ये शत्रूचं पाऊलन् पाऊल ऐकायचं होतं. हट्टाने त्याने कार्ड बसवून घेतलंच.

दुपारी गेम सुरू झाला, आणि पावलांच्या आधी ऐकू आली ती मचमच. कुणीतरी तोंड उघडं टाकून, लाळ घोटत काहीतरी चघळत होतं. दादाला शिसारी आली.

"अगं, माईक बंद करून खा की!" शेजारच्या खोलीत बसून त्याच्याच टीममध्ये खेळणाऱ्या बहिणीवर तो खेकसला.

"मी कुठे खातेय? मला वाटलं, तूच हादडतोयस."

मग गेममधलंच कुणी असणार. त्याने माउस ओढून आपल्या खेळाडूला गर्रकन मागे वळवलं. गोळीबार डाव्या कानातून उजव्या कानात गेला. मचमच मात्र डावीकडेच राहिली.

मग तो स्वतःच खुर्चीसकट मागे वळला. हेडफोन कानांवरच होते, म्हणजे आवाज डाव्याच कानात राहायला हवा होता.

तो उजव्या कानात आला. अगदी जवळ.

दादाने हेडफोन ओरबाडून काढले. खोलीत चिडीचूप. हातातल्या हेडफोनमधून बहिणीचा बारीक आवाज आला, "शी, दादा! आता चाटतोयस काय?"

त्याने उजव्या कानाला हात लावला. बोटं कोमट लाळेने बुळबुळीत झाली.