न्हाणीची खिडकी

दया न्हाणीच्या पार आतल्या कोपऱ्यात अडकून बसली होती आणि बाहेर निंबाखाली झोळीत तिचं पोर रडून आकाशपाताळ एक करत होतं.

दारापासून तिच्या गुडघ्यापर्यंत ओल्या सिमेंटात चिनी मातीचे निळे-पांढरे तुकडे बसवून झाले होते. खरं तर हे काम आतून सुरू करून दाराकडे सरकत यायचं. तिच्या नवऱ्यानं, योहान गवंड्यानं, तसं सांगूनही पाहिलं. पण दार पूर्वेला, तेव्हा सुरुवात दारापासूनच, असा घरच्या मालकीणबाईंचा, मनकर्णाबाईंचा हट्ट. त्यांच्यापुढे कोणाचं काय चालतंय? आता दयाला बाहेर काढायला लांब फळी आडवी टाकायला हवी, आणि ती आणायला शेवगावच्या वखारीत गेलेला योहान गेला तो गेलाच.

स्वयंपाकघरात मनकर्णाबाईंची सून प्रेमला सोवळ्यात पोळ्या लाटत होती. लाटत कसली, पोळपाटाशी झटत होती. तिचा तान्हा मार्तंड पाळण्यात ढाराढूर झोपलेला, पण बाहेरच्या रडण्यानं पान्हा तिला दाटून येत होता. दोनदा उठली, दोनदा बसली. दया ख्रिस्ती. तिला किंवा तिच्या पोराला शिवलं की पुन्हा अंघोळ आलीच, आणि न्हाणी तर बंद. सासूबाई दिवसाकाठी एकदाच जेवायच्या, तेही सोवळ्यातल्या हातचं. आजचा एवढा स्वयंपाक उरकला की फरशी वाळेपर्यंत सगळेच कोपरगावला नणंदेकडे जाणार होते. एवढा एक दिवस निभावायचा होता.

पोराचा आवाज बसत चालला. ते तिला रडण्याहूनही असह्य झालं.

"आज्जी, मी येते तुडवत!" न्हाणीतून दया ओरडली. "पुन्यांदा करून देते समदं!"

"पाय तर ठेवून बघ!" मनकर्णाबाई ओटीवरून कडाडल्या. "परमिटाचं सिमेंट आहे. लढाई संपेपर्यंत दुसरं पोतं मिळायचं नाही."

प्रेमला उठली ती तडक मागच्या दारानं निंबाखाली गेली.

"सूनबाई, सोवळ्यात आहेस!"

तिनं पोर उचललं. घामानं चिंब झालेलं, हुंदके देऊन देऊन दमलेलं. न्हाणीची खिडकी दयाच्या कोपऱ्यातच होती, हातभर रुंद, गज नसलेली. तिथून तिनं ते पुढे केलं.

"घे गं."

दयानं हात वर केले आणि तसेच मागे घेतले. कोपरापर्यंत सिमेंट थापलेलं. धुवायला पाणी होतं, पण दाराबाहेर; आत ओतावं तर ओलं सिमेंट वाहून जाणार.

"कशी घेऊ, वैनी? चुन्यावानी भाजतंय ह्ये. कातडं निघंल त्येचं."

मग प्रेमलानं पोर खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलं, एक हात आत घालून दयाच्या चोळीची गाठ सोडली आणि दोन्ही हातांनी पोर तिच्या छातीला धरलं. रडणं थांबलं. दया आपले राखाडी हात दूर धरून भिंतीला चिकटून उभी राहिली.

मनकर्णाबाई काठी टेकत मागे येऊन थांबल्या.

"शिवलीस ना? आता अंघोळ कुठं करशील?" आवाज चढला आणि एकाएकी उतरला. "मी आज उपाशी राहू का गं, प्रेमला?"

म्हातारीला भूक निघत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"वैनी, ऱ्हाऊ द्या आता," दया हळूच म्हणाली. "प्यायलंय थोडं. आज्जींचं बघा."

प्रेमलाचे हात भरून आले होते, डोळेही. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"एकच अंग झालंय अजून," ती म्हणाली. "वळ जरा. दुसरीकडे धरते."