तीन बोटं

अर्ध्या तासाच्या थेट कार्यक्रमात जयराजदादांना वीसएक गावांतल्या घरांचे कान फुकट मिळणार होते. जिल्हा परिषदेला उभं राहणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? बदल्यात द्यायचे होते व्यसनमुक्तीवर चार शब्द. निवेदिका शिवांजलीचा फायदा त्याहून साधा. गावचं रेडिओ केंद्र दादांच्या वडिलांच्या संस्थेचं. दादा खूश झाले, तर म्हशीसुद्धा ऐकत नाहीत असा दुपारचा कार्यक्रम सुटून तिला सकाळचा मिळणार होता. तसं कबूलच झालं होतं. दुसऱ्या पाहुण्या मंगलकाकी. त्यांचा नवरा तोंडाच्या कॅन्सरनं गेलेला. त्यांना काय मिळणार, हे कुणी ठरवलं नव्हतं.

लाल दिवा लागायच्या आधी दादांनी तंबाखू-सुपारीचा मावा डाव्या गालातून उजव्या गालात सारला आणि कागदी कपात पिचकारी मारली. कप शिवांजलीच्या चहाशेजारी ठेवला. वर तपकिरी फेस तरंगत होता.

"दादा, चूळ भरून घेता का?"

"रेडिओवर गाल दिसतोय व्हय गं?" दादा हसले. "तू नमस्कार मंडळी म्हण की."

तिनं म्हटलं. दादा सुरू झाले. तरुण पिढी, आईबापांचे कष्ट, शूरांची भूमी. हेडफोनमधून शिवांजलीला भूमी ऐकूच येईना. सुपारी दाढेखाली कचकन फुटली, थुंकी जिभेखालून फिरली, अर्धी गिळली गेली, अर्धी ओठांशी येऊन थांबली. सगळं थेट तिच्या कानात उतरत होतं. दादा जणू तिच्याच तोंडात चघळत होते. चहावर साय धरली, तिनं कपाला हात लावला नाही.

मग मंगलकाकींची पाळी आली.

"आमचं मालक शेवटाला पेजसुदिक नळीनं घेत व्हतं," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा. रडून संपलेला. "पयल्यांदा तोंडच उघडंना झालं. आमी म्हटलं, दाढ दुखत असंल. डॉक्टर म्हनलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घालायची. जात न्हाईत तर येळ घालवायचा न्हाई. आमाला कुनी सांगितलंच न्हवतं. आता ऐकत्यात त्येंनी घालून बघा. आत्ता, हितंच."

शिवांजलीला दिसायला लागलं. या घडीला कुठल्या गोठ्यात, कुठल्या टपरीवर, कुठल्या चुलीपुढं माणसं तोंडात बोटं घालून उभी असतील.

"तुमीबी घाला की दादा," मंगलकाकी म्हणाल्या. साधेपणानं म्हणाल्या की कसं, सांगता येत नाही.

दादांनी मोठ्या खेळीमेळीनं मावा कपात टाकला, तीन बोटं जुळवली आणि तोंड उघडलं. दोन गेली. तिसरं दातावर आपटलं. त्यांनी रेटलं. जबडा जागचा हलला नाही. हसू डोळ्यांत थोडा वेळ राहिलं, मग तिथूनही गेलं. ओली बोटं त्यांनी टेबलाच्या कापडाला पुसली, आणि तीच तीन शिवांजलीसमोर उभी धरून मान डोलावली. सांग.

थेट कार्यक्रमात गप्प बसता येत नाही.

"तर मंडळी," शिवांजली म्हणाली, "आपल्या जयराजदादांची तिन्ही बोटं कशी अलगद गेली बघा!"

"कवा गेली गं? दो..."

मंगलकाकींच्या माइकचं बटण शिवांजलीनं खाली ओढलं होतं. 'दो'च्या पुढचं स्टुडिओबाहेर गेलं नाही. मंगलकाकींना वाटलं, गेलं.

तेवढ्यात फोन लागला. स्पीकरवर एक पोरगेला आवाज आला. शब्द दातांच्या फटीतून निघाल्यासारखे दबलेले.

"नमस्कार ताई. मी सूरज. उसाच्या ट्रॅक्टरवर असतोय. आत्ता घालून बघितली. माजी दोनच जात्यात. दिवाळीपास्नं भाकरी कुस्करून खातोय."

मंगलकाकी टेबलावर ओणवल्या, माइक दोन्ही हातांनी धरला. "लेकरा, उद्याच्या उद्या दवाखाना गाठ. कामाचं निमित्त सांगू नगंस. आमच्या मालकांनी गळीत हंगाम संपू दे म्हनलं न् त्यातच..."

"घाबरायचं काय कारण न्हाई, गड्या," दादा आपल्या चालू माइकमध्ये म्हणाले. "कष्टाची बोटं जाड असत्यात. तुझ्यासारख्याची दोन गेली तरी लय झालं." बोलताना ते स्वतःच्या बोटांकडं बघत होते. ती बारीक होती. एका बोटात पुष्कराजाची अंगठी होती.

शिवांजलीचा हात बटणावरच होता. वर सरकवायला फार जोर लागत नाही. तिच्या जिभेवर सुपारीची चव आली.

"बाळा, ऐकतोयस न्हवं?" मंगलकाकी बंद माइकला विचारत होत्या. "कुनाला तरी संगं ने. एकटा जाऊ नगंस."

"मग बरं झालं, दादा," सूरजचा आवाज एकदम हलका झाला. "उद्या कराडला जानार व्हतो दाखवायला. तेवढीच खेप वाचली."