आधी कार्डे

मंगळवार, १३ मार्च १९८४. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी शामलाने लिहिलेला प्रोग्राम पहिल्यांदा दोन्ही रीतींनी चालवला गेला. आधी कार्डांवरून, मग पडद्यावरून.

नागपुरातल्या त्या कापूस खरेदी कार्यालयात सतरा वर्षे सारे कार्डांवर चाले. नत्थूजी भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रात ठेवत, सुपात ज्वारी पाखडल्यासारखा आवाज होई आणि जिल्ह्यातल्या छत्तीस केंद्रांवर आलेला कापूस कागदावर छापून येई. वाया गेलेल्या कार्डांच्या पाठीवर कर्मचाऱ्यांची मुले पाढे लिहीत.

नवा प्रोग्राम सुरू झाला की आधी यंत्रात कार्डे आहेत का ते पाही. असली तर निमूट वाचत जाई. नसली तर पडद्यावर एकेका केंद्राचा आकडा विचारी.

"म्हणजे माह्यासंगं बोलतच नाही तो," नत्थूजी म्हणाले.

"तुमची कार्डं चुकत नाहीत, नत्थूजी. विचारायचं काय?"

दोन्ही बेरजा जुळल्या की एक एप्रिलपासून कार्डयंत्र बंद, आणि नत्थूजी आवक-जावकच्या टेबलावर. तसा कागद तयार होता. महादेवराव साहेबांची सही तेवढी बाकी होती.

बेरजा जुळल्या नाहीत. चोपन्न क्विंटलांचा फरक आला.

"कच्चा दिसून राहिला तुमचा प्रोग्राम," साहेबांनी पेनाला टोपण लावले. "राहू द्या. कार्डंच चालू द्या अजून वर्षभर."

नत्थूजी दोन्ही कागद घेऊन खिडकीपाशी गेले. काटोल, सावनेर, कळमेश्वर. त्यांचे बोट नरखेडवर थांबले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

"साहेब, प्रोग्राम बरोबर आहे. कार्डावर नरखेडचे आठशे एकाहत्तर आहेत. बाईनं पडद्यावर आठशे सतरा टाकले."

साहेब चहाला उठले. शामलाने खालच्या आवाजात विचारले, "काहून सांगितलं, नत्थूजी?"

"कापूस तं तेवढाच आला ना वं बाई नरखेडले."

तिने आकडा पुन्हा टाकला. बेरजा जुळल्या. बारा चाळीसला सही झाली.

नत्थूजींनी गठ्ठा ठोकून सारखा केला. कधी हातून पडला तर क्रम लावता यावा म्हणून त्याच्या कडेवर नेहमीसारखी पेन्सिलीची तिरपी रेघ ओढली, रबरबँड लावले आणि खणात ठेवला.

एक एप्रिलपासून ते आवक-जावकला बसतात. कार्डयंत्र न्यायला अजून कुणी आलेले नाही. प्रोग्राम मात्र रोज सकाळी आधी कार्डे आहेत का ते पाहतो, मगच पडद्यावर पहिला प्रश्न विचारतो. ती ओळ शामलाने काढलेली नाही.