मोरपिसांची माशी

जळगावच्या चंदनबाईंचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला, तेव्हा नातसून विधीने त्यांना बारीक आकड्यांवर दोऱ्याने गळालेली मोरपिसं बांधायला शिकवलं. "साडीच्या पिना आहेत, हिमाचलला जातात," ती म्हणायची. बांधता बांधता त्या हाताची बोटं पुन्हा वळू लागली. आज दुपारी विधीच्या फोनवर गिऱ्हाइकाने पाठवलेला व्हिडिओ चंदनबाईंना दिसला. डोंगरातल्या नदीतून ओढलेला ट्राउट मासा तडफडत होता. त्याच्या ओठात त्यांनीच बांधलेला आकडा रुतला होता. त्या पिना नव्हत्याच. मासा ज्यांना माशी समजून गिळतो, असे ते गळ होते. मुंगी चिरडू नये म्हणून जन्मभर खाली बघून चाललेल्या चंदनबाई भिंतीला टेकल्या. "मला का नाही सांगितलंस?" "सांगितलं असतं तर तुम्ही दोऱ्याला शिवला नसतात, दादीजी. हात तसाच राहिला असता." विधीला रडू फुटलं. चंदनबाईंनी तिला जवळ घेतलं, पण डाव्या हाताने; गळ बांधून बरा झालेला उजवा त्यांनी दूरच ठेवला.