इंका राजाच्या माश्या

सन एकतीसच्या उन्हाळ्यात सुकदेव मास्तर धरणगावच्या लोटन पाटलांच्या ओसरीवर आले, ते पाटलांच्या सुमनला चौथीनंतर जळगावच्या शाळेत धाडा म्हणून सांगायला. पण पाटलांपुढे थेट विषय काढायची छाती कुणाची? म्हणून त्यांनी आधी गोष्ट लावली. दूर पेरू देशात वायना कापाक नावाचा इंका राजा होता. तो मेला, तरी लोकांनी त्याचं सुकवलेलं मढं महालात बसवून ठेवलं. रोज त्याला ताट वाढायचे, बाया त्याच्या अंगावरच्या माश्या हाकायच्या आणि कुठलंही काम त्याला विचारल्याशिवाय करायचे नाहीत.

पाटील पोट धरून हसले. "मढाले इचारतस? बठ्ठा लोक येडा शेतस, मास्तर!"

नवरा हसला तसा दाराआडून प्रमिलाबाईंना धीर आला. "मंग सुमनले धाडूत ना जळगावले?"

पाटलांचं हसू जागीच विझलं. माजघरातल्या गादीवर बापाची पगडी ठेवलेली होती, तिला त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. "आबाले पसंत नही."



आबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. प्रमिलाबाई पगडीपुढच्या भरीत-भाकरीच्या ताटावरल्या माश्या पुन्हा हाकू लागल्या.