फोडणीचा ठसका

अमरावतीहून गाडीवर येता येता कुलदीपला दोन शिंका काय आल्या, वलगावचं अख्खं घर त्याच्या दिमतीला लागलं. आई कौसल्याबाईंनी तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी बांधली, बाबांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि बायकोनं, प्रणितानं, काढा उकळून वाफेचं पातेलं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

कुलदीप बरा झाला आणि सर्दीनं प्रणिताला धरलं. नाक लाल झालं, आवाज बसला, अंगात कणकण भरली. पण ती स्वयंपाकघरात शिंकली की कौसल्याबाई बैठकीतूनच निदान करत, "फोडणीचा ठसका लागला असन तिले." कुलदीपही टीव्हीवरची नजर न हलवता म्हणे, "मिरची कमी टाकत जाय ना व!" तिच्या कपाळाला हात लावून पाहावं, असं कोणाच्या मनातही आलं नाही. प्रणिता दात-ओठ खात पोळ्या लाटत राहायची.

आज सकाळी आतून शिंकांवर शिंका ऐकू आल्या. "चला, फोडणी पडली, बसा जेवाले," म्हणत कौसल्याबाईंनी ताटं मांडली. तिघंही हात धुऊन बसले. बराच वेळ झाला, वाढायला कोणी येईना, तेव्हा कुलदीप चिडून स्वयंपाकघरात डोकावला. ओटा कोरडा होता, भांडी पालथी होती.



बाजूच्या खोलीतून, छातीशी ओव्याची पुरचुंडी धरून पांघरुणात बसलेली प्रणिता कडाडली, "गॅस पेटवलाच नाही मी आज! आता सांगा, कायचा ठसका लागला मले?"